एकदा बुडालेलं इंजिन

शाहूपुरीच्या तळघरातनं ते वर काढलं
तेव्हा तिसऱ्या सिलिंडरात गाळ होता
आणि कुठल्याशा माशाचा एक काटा.
लाल गाडी, दोनच दारांची.
मालक तीन दिवस गच्चीत उभा होता,
मग विम्याच्या कागदावर सही करून आत गेला.
आम्ही इंजिन किलोवर घेतलं.

उद्यमनगरात, दिलावर मिस्त्रींच्या शेडात
लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं.
मिस्त्री त्याच्याभोवती दोनदा फिरले,
बाजारात बैलाभोवती फिरतात तसे.
नख मारून बघितलं, वास घेतला.
"बुडाल्यालं हाय," म्हणाले,
"आता पाण्याला भ्यायाचं न्हाई."

होडी आंबेवाडीची, सर्जेरावची.
गेल्या पुरात ऐन धारेत
तिचं जुनं इंजिन फुल्ल थ्रॉटलवर
एका जागी गुरगुरत राहिलं.
पुढं नाही, मागं नाही.
पलीकडं कौलांवर तेरा माणसं आणि एक रेडकू.
निघाली सगळी, दोर टाकून, रात्री उशिरा.
पण ते एका जागी उभं राहणं
सर्जेरावच्या हातातनं गेलं नाही.
चहाचा कपसुद्धा तो
थ्रॉटलसारखा पिळून धरतो.

मी बिलाच्या पाठीवर आकडे मांडले.
दीडशे घोडे आहेत, अडीचशे हवेत.
टर्बो लावू.
मिस्त्री हसले. "गाडीला लाव.
गाडीला उतार असतोय, सिग्नल असतोय,
म्हस आडवी येती, इंजिन दम खातंय.
होडी म्हंजे गगनबावड्याचा घाट.
आन् ह्यो घाट सरत न्हाई."

म्हणून पिस्टन बदलले, दाब उतरवला.
एक्झॉस्टला दुहेरी भिंत, मधनं नदीचं पाणी.
लाकडी पॅटर्न शालन सुतारनं कोरला.
शिरोलीत ओतला. पहिला तडकला.
दुसरा तडकला.
तिसरा तिनं हातात घेऊन बोटानं वाजवला
आणि न बोलता टेबलावर ठेवला.

टर्बो म्हणजे करतं काय, तिनं विचारलं.
मी म्हटलं, टाकून दिलेला धूर पंखा फिरवतो,
त्याच दांड्यावर पलीकडं दुसरा पंखा,
तो बाहेरची हवा आत कोंबतो.
"म्हंजे सुस्काऱ्यावर चालायचं," ती म्हणाली,
आणि पॉलिश पेपर घासत राहिली.
त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा
पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यागत आवाज.
ठिणगीच्या आधीच आत काहीतरी पेटत होतं.
मिस्त्रींनी चावी फिरवली, बिडी पेटवली,
दोन दिवस कुणी शेडात मोठ्यानं बोललं नाही.
मग बूस्ट कमी केला, टायमिंग मागं घेतलं,
आणि शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर,
थंडीत, धुकं सुटायच्या आत, होडी पाण्यात सोडली.

सर्जेरावनं थ्रॉटल दिला.

काहीच नाही.
एक, दीड सेकंद. इंजिन ओरडतंय,
पंखा अजून वेग घेतोय,
होडी तिथंच.

मग शिट्टी वाजली, नाक वर झालं,
बगळे उडाले, मिस्त्रींची टोपी पाण्यात गेली,
आम्ही सगळे खुळ्यागत आरडत होतो.
सर्जेराव नव्हता आरडत.
काठाला लागून दोर बांधला, गाठ दोनदा तपासली.
"ते मधलं," तो म्हणाला,
"दिल्यावर आन् सुटायच्या मधलं. कमी हुतंय का?"

होतं. पंखा लहान लावायचा.
लहान पंखा लवकर जागा होतो,
पण वर पोचल्यावर त्याचा दम लवकर संपतो.
मी पुन्हा आकडे मांडले:
अडीचशेचे दोनशे पंधरा.

मिस्त्रींनी टर्बो उतरवला, फडक्यात गुंडाळला,
वरच्या फळीवर ठेवला.
कुणी विकत मागितला तर देऊ.
पस्तीस घोडे सोडले.
सर्जेरावनं चहा घेतला,
कप बशीत ठेवला,
आणि हात मोकळा सोडून बसला.
थोडा वेळ.